सशाच्या पिल्लाला काय खायला द्यायचं, काय नाही

(प्रभागसंघाच्या मासिक सभेत पशुसखीने केलेल्या भाषणाचा हा मजकूर आहे. बहिणींनी विचारलेले प्रश्न आणि त्यांची उत्तरं शेवटी दिली आहेत.)



दर महिन्याला मी इथे शेळी आणि कोंबडी यांवर बोलते. लसीकरण, जंतनाशक, करडांची निगा हेच आपले विषय. आज सशावर बोलणार म्हटल्यावर काही जणी हसल्या. हसा, पण आधी मला सांगा, गेल्या वर्षभरात कुणाकुणाच्या घरी सशाचं पिल्लू आलं? हात वर करा बरं. बघा, किती हात आले! आता त्यातली किती पिल्लं आज जिवंत आहेत? आता हात कमी झाले.

यासाठीच हा विषय घेतला. जत्रेत, आठवडी बाजारात पिंजऱ्यात पांढरीशुभ्र पिल्लं असतात. पोरं हट्ट धरतात, आपण घेऊन देतो. पहिले दोन दिवस सगळी आळी बघायला येते. पाचव्या-सहाव्या दिवशी पिल्लू कोपऱ्यात गोळा होऊन बसतं, शेपटाखाली घाण लागलेली असते, आणि आठवडा संपायच्या आत पोरगी रडत रडत परसात खड्डा खणते. मग घरातले म्हणतात, "ससा नाजूकच असतो, जगत नाही." बायांनो, तसं नाही. नीट ठेवला तर घरचा ससा ७-८ वर्षं जगतो, कधी १० वर्षंही. पिल्लं मरतात ती बहुतेक वेळा खाण्यानं मरतात. तीही उपाशी ठेवून नाही, लाड करून.

असं पिल्लू बघायला बोलावलं की मी आधी विचारते, "काय खायला दिलं?" उत्तर ठरलेलं. बिस्किट, दूध-पाव, पोळीचा तुकडा, कुणी भात, कुणी चिवडा. आपल्या घरातलं चांगलं ते आपण पाहुण्याला देतो. पण या पाहुण्याचं पोटच वेगळं आहे. ते आधी समजून घेऊ.

सशाचं पोट कसं चालतं

शेळी आपल्याला माहीत आहे. शेळी पाला खाते, तो पुढच्या मोठ्या पोटात जातो, तिथे जंतू तो कुजवतात, मग ती रवंथ करते. एखादी शेळी धान्याच्या पोत्यात तोंड घालून पोटभर ज्वारी खाते तेव्हा काय होतं? पोट फुगतं, आंबतं, शेळी दगावते. हे इथल्या प्रत्येकीला ठाऊक आहे.

सशातही पाला कुजवणारे जंतू असतात. पण ते पुढच्या पोटात नसतात, मागे असतात. लहान आतडं संपतं तिथे एक मोठी पिशवी असते, तिच्यात ते राहतात. त्यांना काडी-गवत लागतं. गोड आणि पिठूळ पदार्थ तिथे पोहोचले की चांगले जंतू मागे पडतात आणि वाईट जंतू वाढतात. पोट गॅसनं भरतं, हगवण लागते. मोठा ससा एखाद्या वेळी तरून जातो. पिल्लाच्या पोटात चांगल्या जंतूंची वस्ती अजून नीट बसलेली नसते, म्हणून पिल्लू एका दिवसातही जातं.

आणखी दोन गोष्टी लक्षात ठेवा. पहिली, सशाला ओकता येत नाही. चुकीचं पोटात गेलं की ते पुढेच सरकणार, परत तोंडावाटे यायचं नाही. दुसरी, सशाचे दात जन्मभर वाढत राहतात. वर्षाला अर्ध्या वितीच्या जवळपास म्हणा, इतके. ते झिजवायला चरचरीत गवत लागतं. मऊ पोळी-भातावर ठेवलेल्या सशाचे दात वाकडे वाढतात, गालाला आणि जिभेला टोचतात. मग समोर खाणं असूनही त्याला खाता येत नाही.

म्हणून पहिला नियम: सशाचं जेवण म्हणजे गवत. बाकी सगळं तोंडी लावण्यापुरतं.

वयाप्रमाणे खाणं

आता पिल्लाच्या वयाप्रमाणे सांगते. वहीत लिहून घ्या.

*जन्मापासून ३ आठवडे.* फक्त आईचं दूध. पिल्लं जन्मतात तेव्हा उघडी, बिनकेसांची असतात. डोळे साधारण १० दिवसांनी उघडतात. सशाची आई पिल्लांजवळ दिवसभर बसत नाही. दिवसातून एकदा, फार तर दोनदा जाते, चार-पाच मिनिटांत पाजते आणि निघून येते. तेही बहुतेक रात्री किंवा पहाटे. आपल्याला वाटतं, आई पिल्लाला विचारत नाही, आणि आपण वाटी-चमचा घेऊन बसतो. तसं करू नका. सकाळी पिल्लाचं पोट बघा. गोल, भरलेलं असेल तर आईनं पाजलंय. पोट खपाटीला गेलेलं आणि कातडी सुरकुतलेली असेल तरच काळजी, आणि तेव्हा डॉक्टरांना विचारायचं. सशाचं दूध गाईच्या दुधापेक्षा फार दाट आणि स्निग्ध असतं. गाई-म्हशीचं दूध त्याच्या जागी चालत नाही.

*३ ते ८ आठवडे.* तिसऱ्या आठवड्यापासून पिल्लं आईच्या ताटात तोंड घालायला लागतात. आई गवत खाते तेच ती चघळतात. ही त्यांची शाळा. आईसमोर चांगलं वाळलेलं गवत आणि थोडा वाळवलेला लसूण घास ठेवा. दूध चालू राहू द्या. ६ आठवडे तरी पिल्लू आईजवळ राहिलं पाहिजे, ८ राहिलं तर उत्तम.

बाजारात गडबड होते ती इथेच. लहान पिल्लू गोड दिसतं म्हणून लवकर विकतात. एका मुठीत बसणारं, तुरुतुरु चालतानाही डुगडुगणारं पिल्लू कुणी देत असेल तर घेऊ नका. ते अजून आईच्या दुधावरचं आहे.

*८ ते १२ आठवडे.* बहुतेक पिल्लं याच वयात आपल्या घरी येतात. या वयात वाळलेलं गवत चोवीस तास समोर हवं. मोजून नाही, हवं तितकं. सशाच्या अंगाएवढा गवताचा भारा रोज लागतो असा अंदाज धरा. जोडीला मूठभर वाळलेला लसूण घास, कारण वाढत्या अंगाला प्रथिनं आणि चुना हवा. सशाचं गोळी खाद्य मिळत असेल तर थोडं द्या. मिळत नसेल तर अडून राहू नका, चांगलं गवत आणि लसूण घास यावर पिल्लू वाढतं. हिरव्या भाज्या अजून नकोत.

नवीन पिल्लू आणताना विकणाऱ्याला एक प्रश्न नक्की विचारा, "आजवर हे काय खात होतं?" आणि त्यातलंच आठ दिवसांचं खाणं बरोबर मागून घ्या. घरी आल्यावर आधी तेच द्यायचं. मग रोज थोडं जुनं कमी करून थोडं आपलं वाढवायचं. ७ ते १० दिवसांत बदल पुरा करायचा. आई सुटलेली, जागा नवी, पोरांचा गोंगाट. त्यात खाणंही एका दिवसात बदललं तर पोट बिघडणारच.

*३ महिन्यांनंतर.* आता हिरवा पाला सुरू करायचा. एका वेळी एकच. आज कोथिंबिरीच्या दोन काड्या. दोन दिवस लेंडी बघायची. घट्ट, गोल, कोरडी असेल तर ती भाजी पचली. मग दुसरी. लेंडी मऊ पडली तर ती भाजी बंद, नुसतं वाळलेलं गवत आणि पाणी.

*६-७ महिन्यांनंतर.* ससा मोठा झाला. आता लसूण घास हळूहळू कमी करा, कधीमधीच द्या. वाढ थांबल्यावर त्यातला जास्तीचा चुना लघवीत उतरतो, खडे होतात. गोळी खाद्य देत असाल तर वजनाच्या किलोमागे दिवसाला साधारण २५ ग्रॅम पुरे. जास्त दिलं की ससा गवत सोडतो आणि गुबगुबीत होतो. लोक म्हणतात छान दिसतो. पण त्याचं पोट बिघडायला लागलेलं असतं.

गवत कुठलं आणि कसं वाळवायचं

शहरात लोक सशासाठी गवताची पाकिटं विकत आणतात. आपल्या बांधावर ते फुकट उभं असतं. आपण शेतकऱ्याच्या लेकी-सुना. फक्त पारख हवी.

हरळी सगळ्यांत सोपी. गणपतीला वाहतो ती दूर्वा म्हणजे हरळीच. शिवाय मारवेल, पवना, डोंगरावरचं बारीक गवत. गवत फुलोऱ्यावर येतं तेव्हा कापायचं. पार पिकून पिवळं झालं की त्यात कस राहत नाही, नुसती काडी उरते. पावसाळा सरून ऊन पडायला लागलं की कापा, दोन-तीन दिवस पसरून वरखाली करत वाळवा. चांगल्या वाळल्या गवताला हिरवट रंग असतो आणि गोडसर वास येतो. मोडलं तर कडकन मोडतं. ते पोत्यात भरून जमिनीपासून उंच, फळीवर ठेवा. ओल लागली, बुरशी आली, काळे ठिपके दिसले, कुबट वास आला की ते गवत सशाला नाही. गाय थोडं सोसते, ससा सोसत नाही.

कडबा चालेल का? कडब्याचा दांडा जाड, पिल्लाला निघत नाही. वाळलेलं पान चघळील, पण कडब्यावर पिल्लू वाढत नाही. आणि ज्वारीचे हिरवे कोवळे फुटवे मुळीच नकोत. ते खाऊन मोठी जनावरं विषबाधेनं पडतात हे आपण पाहिलंय. मग सशाचं काय?

ताजं हिरवं गवत द्यायचं असेल तर कापून दोन-तीन तास सावलीत पसरा, सुकू द्या, मग द्या. थोड्यापासून सुरुवात करा. पावसात भिजलेलं, दवात ओलं, किंवा ढीग करून ठेवल्यानं आतून गरम झालेलं गवत पोट फुगवतं.

आता सगळ्यांत महत्त्वाचं. गवत आणताना बांधावर, पांदीत, कपाशीच्या किंवा सोयाबीनच्या कडेला फवारणी झालीय का, हे आधी विचारा. हल्ली बांधावरही तणनाशक मारतात. गवत हिरवं दिसतं, पण त्यावर औषध असतं. किलोभराचा जीव, थोडं औषधही त्याला पुरतं. पोरांना गवत आणायला पाठवत असाल तर कुठल्या बांधावरून आणायचं हे ठरवून द्या.

भाजीपाला: किती आणि कुठला

कोथिंबीर, मेथी, मुळ्याचा पाला, गाजराचा पाला, राजगिरा, शेवग्याचा पाला, तुतीचं पान, शेपू. हे धुऊन, पाणी निथळून थोडं थोडं आलटून पालटून. पालक कधीमधीच. कोबी-फ्लॉवरनं पोट फुगतं, पिल्लाला नको.

गाजराचं सांगते. चित्रात ससा म्हटलं की हातात गाजर. पुस्तकात तेच, भिंतीवर तेच. पोरांना वाटतं, ससा गाजरावर जगतो. गाजर गोड असतं. ससा मोठा झाल्यावर आठवड्यातून एक-दोनदा बोटाच्या पेराएवढा तुकडा, तेवढाच. केळं, सफरचंद, पेरू यांचंही तसंच. पाला मात्र खुशाल द्या.

आणि याच नावावरून एक धोका होतो. आपल्याकडे रस्त्याच्या कडेला, पडीक रानात गाजरगवत माजलंय. त्याचं पान गाजराच्या पानासारखं कातरलेलं दिसतं, नावातही गाजर आहे. पोरं ते उपटून सशापुढे टाकतात. गाजरगवत जनावराला विषारी आहे, आपल्या हातालाही खाज आणतं. घरातल्या प्रत्येक पोराला हे रोप प्रत्यक्ष दाखवा आणि सांगा, हे नाही.

हे कधीच नाही

ही यादी गोठ्याच्या दारावर लावा म्हटलं तरी चालेल.

पोळी, भाकरी, भात, पाव, बिस्किट, चिवडा, फरसाण, गूळ, साखर, चॉकलेट: नाही.

दूध आणि दुधाचं काहीही: नाही.

कांदा, लसूण, त्यांची पात, कच्चा बटाटा, बटाट्याचा आणि टोमॅटोचा पाला: नाही.

रुई, कण्हेर, धोतरा, एरंड, घाणेरी म्हणजे टणटणी: हे विषारी आहेत.

सुबाभूळ: शेळीला आपण घालतो, पण सशाला तिच्यानं केस गळतात, वाढ खुंटते. नको.

कोंबडीचं खाद्य: त्यात कधी कधी रक्ती हगवणीवरची औषधं मिसळलेली असतात. त्यातली काही सशाला विषासारखी लागतात. गाई-म्हशीची पेंडही नको, तिच्यात युरिया असू शकतो.

पाणी आणि ऊन

किलोभर वजनाच्या सशाला दिवसाला साधारण १०० मिलिलिटर पाणी लागतं, उन्हाळ्यात जास्त. "ससा पाला खातो, त्याला पाणी लागत नाही," असं पुष्कळ जण म्हणतात. ते खोटं आहे. पाणी कमी पडलं की पोटातलं गवत घट्ट होतं आणि अडतं. जड मातीची वाटी ठेवा, ती कलंडत नाही. सकाळ-संध्याकाळ धुऊन ताजं पाणी भरा.

सशाला घाम येत नाही. तो कानांतून उष्णता बाहेर टाकतो. तापमान ३० अंशांच्या वर गेलं की त्याला त्रास सुरू होतो, आणि आपल्याकडे तर एप्रिल-मेमध्ये पारा ४० च्या वर जातो. पत्र्याखाली पिंजरा ठेवू नका. सावली, वारा, भोवती ओलं गोणपाट, शेजारी टेकायला पाणी भरलेलं मातीचं मडकं. ऊन झालं की ससा खाणं टाकतो. म्हणून उन्हाळ्यात मुख्य खाणं पहाटे आणि रात्री द्या.

गवत जमिनीवर टाकू नका. लहानशी गव्हाण करा, लाकडी खोकं किंवा जाळी टांगा. खाली टाकलेलं गवत लघवीनं, लेंडीनं भिजतं. पिल्लू तेच खातं आणि पोटात कॉक्सिडिओसिसचे जंतू जातात. कोंबडीत आपण ज्याला रक्ती हगवण म्हणतो, त्याच जातीचा हा सशाचा आजार. महिना ते तीन महिन्यांची पिल्लं त्यानं पटापट जातात. पिंजरा कोरडा ठेवला तर निम्मं काम झालं.

वही ठेवा

आपण गटात वही ठेवतो. कुणी किती भरले, कुणी किती उचलले, सगळं लिहितो. म्हणून गट चालतो. सशाचीही एक वही करा. चौथीतली मुलगीसुद्धा ती लिहू शकते. दर रविवारी पिल्लाचं वजन. किराणा दुकानाच्या काट्यावर टोपलीत बसवून होतं. अंगणवाडीत आपल्या लेकरांचं वजन करतो तसंच. वाढत्या पिल्लाचं वजन दर आठवड्याला वाढलंच पाहिजे. एक आठवडा थांबलं तर खाणं तपासा. उतरलं तर दवाखाना.

रोज सकाळी तीन गोष्टी बघा. गवत खाल्लंय का? लेंड्या पडल्यात का, आणि त्या वाटाण्यासारख्या गोल, कोरड्या आहेत का? शेपटाखालचे केस स्वच्छ आहेत का?

सशानं १२ तास काही खाल्लं नाही, किंवा लेंडी टाकली नाही, तर ती तातडीची वेळ समजा. गोळा होऊन बसणं, दात करकर वाजवणं, पोट टणक होणं, पातळ जुलाब, ही सगळी धोक्याची लक्षणं. "उद्या बघू" म्हणू नका. पशुवैद्यकीय दवाखान्यात न्या, किंवा १९६२ या क्रमांकावर फोन करून विचारा.

आणि घरचं औषध देऊ नका. लेकरासाठी आणलेलं अमॉक्सिसिलिनचं पातळ औषध शिल्लक आहे म्हणून सशाला पाजलं, तर त्याच्या पोटातले चांगलेच जंतू मरतात आणि ससा जातो. फिप्रोनिल असलेलं गोचिडाचं औषधही सशाच्या अंगावर मारायचं नाही. ते त्याला विषारी आहे.

बहिणींचे प्रश्न

*लसूण घास म्हणजे लसणाची पात का? तुम्ही तर लसूण नको म्हणालात.*

चांगलं विचारलं. लसूण घास म्हणजे चाऱ्याचं पीक, काही जणी त्याला लुसर्न म्हणतात. जांभळी फुलं येतात, गाईला घालतो ते. लसणाचा आणि त्याचा संबंध नाही. लसणाची पात सशाला द्यायची नाही.

*आमचा ससा स्वतःची लेंडी खातो. घाण सवय आहे, कशी मोडायची?*

मोडू नका. सशाच्या लेंड्या दोन प्रकारच्या. एक कोरडी, ती पडलेली दिसते. दुसरी मऊ, चकचकीत, द्राक्षाच्या घडासारखी. ती तो थेट गुदद्वाराशी तोंड नेऊन खातो. मागच्या पिशवीत जंतूंनी केलेली प्रथिनं आणि ब जीवनसत्त्वं त्यात असतात. शेळी रवंथ करते तसंच हे समजा. पण ती मऊ लेंडी रोज तशीच पडून राहत असेल, तर गवत कमी आणि गोड-पिठूळ जास्त होतंय असं धरा.

*भाकरी तो आवडीनं खातो. आवडतं ते का देऊ नये?*

ताई, आपल्या लेकरालाही गोळ्या-चॉकलेट आवडतात. म्हणून आपण त्याला जेवणाच्या ताटात तेच वाढतो का? भाकरी गवतावर वाढणाऱ्या पोटासाठी नाही.

*शेतात रानसशाचं पिल्लू सापडलं तर आणून पाळता येईल का?*

नाही. रानससा वेगळा प्राणी आहे. वन्यजीव संरक्षण कायदा १९७२ प्रमाणे त्याला पकडणं आणि घरी ठेवणं गुन्हा आहे. शिवाय त्याची आई जवळपासच असते, रात्री येऊन पाजते. पिल्लू दिसलं तर तिथेच राहू द्या. नांगर-ट्रॅक्टर येणार असेल तर हलकेच शेजारच्या गवतात सरकवा. जखमी असेल तर वनविभागाला कळवा.

*एकटा ससा करमेना म्हणून जोडी आणावी का?*

सशाला सोबत आवडते, खरं आहे. पण नर-मादी असतील तर तीन महिन्यांनंतर वेगळं ठेवा. चार ते सहा महिन्यांत मादी वयात येते, गाभण काळ फक्त ३०-३२ दिवसांचा, आणि व्याल्याबरोबर ती पुन्हा गाभण राहू शकते. वर्षभरात खुराडं पुरायचं नाही. जोडी घेताना शक्यतो दोन माद्या घ्या.

*मग गटाचं कर्ज काढून ससेपालनाचा धंदाच का करू नये?*

हा प्रश्न येणार हे माहीत होतं. ससेपालन हा खरा धंदा आहे. राजस्थानात अविकानगरला केंद्रीय मेंढी व लोकर संशोधन संस्था आहे, तिच्या तमिळनाडूतल्या मन्नावनूरच्या केंद्रात व्हाइट जायंट, सोव्हिएत चिंचिला अशा सशांवर काम चालतं. पण मन्नावनूर कोडाईकनालजवळ, थंड डोंगरात आहे. आपल्याकडे मे महिना कसा काढायचा, हे आधी ठरवा. दुसरं, विकत कोण घेणार? जो पिल्लं विकतो तोच म्हणतो "मी परत घेईन", तर त्याच्या एकट्याच्या शब्दावर कर्ज उचलू नका. आपल्या तालुक्याच्या बाजारात सशाचं गिऱ्हाईक स्वतः जाऊन बघा. मी तर म्हणेन, आधी एक पिल्लू वर्षभर नीट सांभाळून दाखवा, मग गटात विषय मांडा.

शेवटी

बहिणींनो, एक गोष्ट मनापासून सांगते. घरी ससा येतो तो पोरांच्या हट्टानं, पण त्याचं गवत-पाणी शेवटी येतं बाईच्या अंगावर. आधीच पहाटेपासून आपले हात मोकळे नसतात. तेव्हा आणायच्या आधीच घरात ठरवा. गवत कोण आणणार, वाटी कोण धुणार, रविवारचं वजन कोण करणार. मुलग्यालाही यात कामं द्या, नुसत्या मुलीला नको. कुणीच तयार नसेल तर जत्रेतच पोराला समजावून सांगा, "आपण याला सांभाळू शकत नाही." त्या दिवशी पोरगं रडेल. पण आठ दिवसांनी परसात खड्डा खणताना रडण्यापेक्षा ते बरं.

आणि ज्यांच्या घरी आज पिल्लू आहे, त्यांनी इथून गेल्यावर आधी त्याच्यापुढचं बिस्किट उचलावं. पण गवतही एकदम ढीगभर नको. थोडं वाळलेलं गवत ठेवा, भरपूर पाणी ठेवा, आणि बदल हळूहळू करा. पुढच्या सभेला येताना वजनाची वही घेऊन या. आपण सगळ्या मिळून बघू.